कुणाचीच नसलेली बॅग

बस कुर्ल्याच्या पुलावर चढली तेव्हा विद्याधरच्या लक्षात आलं, की विमानावरच्या मार्तंड साहेबांनी सकाळी त्या निळ्या बॅगेवर हात ठेवला तेव्हा ते बॅगेकडे बघतच नव्हते. माणूस आपल्या बॅगेवर हात ठेवतो तेव्हा आधी तिच्याकडे बघतो. गेल्या काही महिन्यांत विद्याधरने असे कितीतरी हात पाहिले होते. जवान वाकतो, कडीला बांधलेली सुतळी, शिवलेला कोपरा, तेलाचा डाग अशी आपली एखादी खूण नजरेने पकडतो आणि मगच हात ठेवतो. मार्तंड साहेब वाकून बघत बसले नाहीत. सरळ चालत आले, बोटं टेकवल्यासारखी केली आणि बघितलं ते बाजूला उभ्या असलेल्या जवानांकडे. "आमची," म्हणाले. मग आवाज खाली आणून, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं, "असू दे रे." आणि विद्याधरने खडूने फुली मारली. बॅग चढली, शिडी बाजूला झाली, दार लागलं, विमान गेलं. तेव्हा त्याला काहीच वाटलं नव्हतं, उलट सुटल्यासारखं झालं होतं. आता बसच्या खिडकीतून मिठी नदीचं काळं पाणी दिसलं आणि तो हात पुन्हा डोळ्यांपुढे आला. कंडक्टर तिकीट मागत होता. त्याला दोनदा मागावं लागलं.

विद्याधर आजगावकर हवाई दलाच्या पोलिसात सार्जंट होता. सांताक्रूझच्या विमानतळाच्या एका कोपऱ्यात हवाई दलाची थोडी जागा होती. तिथून आठवड्यातून एकदा एक अ‍ॅव्हरो विमान निघे. टपाल, सुटे भाग, बदलीवर निघालेली माणसं आणि जागा उरलीच तर रजा संपवून परतणारे जवान, असं सगळं घेऊन ते आधी नागपूरला आणि तिथून पुढे पूर्वेकडे जाई. सगळे त्याला कुरिअर म्हणत. पूर्वी हा सगळा मामला घरगुती होता. जवानांच्या ट्रंका उघडून बघायच्या आणि साहेब लोकांच्या बॅगांकडे बघायचं नाही, असा न लिहिलेला रिवाज. वैमानिक, इंजिनिअर, सिग्नलवाला यांचं सामान शिडीपाशी वेगळं ठेवलेलं असे. त्यातून नागपूरची संत्री, आसामचा चहा, कुणाच्या सासूबाईंची गोधडी असं काय काय ये-जा करत असे आणि पोलिसांच्या वाट्यालाही अधूनमधून चार संत्री येत. मग गेल्या जूनमध्ये समुद्रावर ते प्रवासी विमान फुटलं, तीनशेच्या वर माणसं गेली आणि सगळीकडे हुकूम सुटले. सगळं सामान विमानासमोर जमिनीवर एका ओळीत मांडायचं. ज्याचं त्याने पुढे येऊन आपल्या बॅगेवर हात ठेवायचा. पोलिसाने फुली मारायची, मगच बॅग वर चढवायची. जिच्यावर कुणी हात ठेवणार नाही ती बॅग खाली राहील आणि तिच्यापासून सगळे लांब जातील. यात साहेब आणि जवान असा फरक कुठेच केलेला नव्हता. विद्याधरने तो हुकूम वाचला तेव्हा त्याला आनंद झाला होता. इतका, की त्याने तो पुन्हा एकदा वाचला.

त्या आनंदाची आता बसमध्ये बसल्या बसल्या त्याला थोडी लाज वाटली. कारण तो आनंद काही तीनशे माणसांच्या आठवणीने झालेला नव्हता. तो वडिलांचा होता. वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. पाळी सुटली की फाटकाशी रांग लागे आणि रांगेतला प्रत्येक माणूस दोन्ही हात वर करून पहारेकऱ्यापुढे उभा राही. पहारेकरी काखेतून, कमरेवरून, लेंग्यावरून हात फिरवी. कुणी सुताची लडी लपवून नेतो का ते बघायला. विद्याधर कधीमधी वडिलांना आणायला जाई, तेव्हा ते त्याला फाटकाच्या पलीकडून दिसत. हात वर, मान जरा वाकडी, नजर कुठेच नाही. शेजारीच दुसरं फाटक होतं. त्यातून हिशेबनीस, वीव्हिंग मास्तर, साहेब, हातात पिशव्या घेऊन सरळ बाहेर पडत आणि पहारेकरी त्यांना सलाम ठोकी. वडील कधी यावर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र ते सदरा काढून फार वेळ अंग धूत. विद्याधर हवाई दलात गेला आणि त्याला पोलिसात टाकलं तेव्हा ते हसले होते. "म्हणजे आता तू हात फिरवणार," एवढंच म्हणाले. ते हसणं कसलं होतं हे विद्याधरला अजून उमगलेलं नव्हतं. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली होती आणि विचारायला कुणी उरलं नव्हतं.

तर हुकूम आला आणि भांडण सुरू झालं. ते भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हता. स्क्वाड्रन लीडर नंदकिशोर गुप्ते यांच्याशी आरडाओरडा करता येतच नसे. गुप्ते साहेब कुरिअरचे मुख्य वैमानिक, मुलुंडच्या जुन्या घरातले, बोलणं हळू आणि हसतमुख. "सार्जंट," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "एकदा विमान माझ्या ताब्यात आलं की त्यात काय चढतं, काय उतरतं, याला जबाबदार मी. तुम्ही बाहेरच्या माणसांना बघा. आम्हांला नका बघू. मी स्वतः त्यात बसणार आहे. मी स्वतःलाच उडवून देईन का?" बाकीचे हसले. विद्याधर म्हणाला, "सर, तुम्ही नाही देणार. पण तुमच्या बॅगेत दुसऱ्या कुणी काही ठेवलं तर?" "माझ्या बॅगेत?" गुप्ते साहेबांनी असं विचारलं की जणू त्यांच्या उशाखाली कुणी काही ठेवल्याचं तो म्हणत होता. तेव्हापासून दर आठवड्याला तेच. कधी बॅगा शिडीपाशीच राहत, कधी उशीर झाला म्हणून नुसत्याच वर जात. विद्याधरने वर तक्रार केली, त्यांनीही केली. पोलीस विमानं लेट करतात, असं ते म्हणत. यांना विमानं म्हणजे बापजाद्यांची मोटार वाटते, असं हे म्हणत. कॅन्टीनमध्ये दोन टेबलं वेगळी पडली. एका विमानावर पोट असलेली माणसं एकमेकांना चहा विचारेनाशी झाली.

आणि आज सकाळी गुप्ते साहेबांनी एकदम माघार घेतली. कोवळं ऊन होतं, फेब्रुवारीतली गार हवा होती आणि सामानाची ओळ मांडलेली होती. त्यांनी आपली बॅग स्वतः उचलून आणली, ओळीत ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून कोर्टात शपथ घेतल्यासारखे ताठ उभे राहिले. "लिहून घ्या, सार्जंट. ही माझीच आहे आणि आत माझाच पायजमा आहे." जवान खदखदून हसले. सिग्नलवाल्याने तसंच केलं, दुसऱ्या वैमानिकाने केलं, फ्लाइट इंजिनिअर वॉरंट ऑफिसर मार्तंड यांनीही आपली खाकी बॅग दाखवली. विद्याधर फुल्या मारत गेला. त्याला वाटलं होतं हा क्षण आला की छाती भरून येईल, आणि प्रत्यक्षात त्याचे कान तापले होते. कारण त्याच जवानांत, हसणाऱ्यांच्या मागे, गुणाजी उभा होता. गुणाजी म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. पायदळात होता, आसामात. महिनाभराच्या रजेवर गावी गेलेला, परत जाताना दोन दिवस बहिणीकडे उतरलेला. त्याला कुरिअरमध्ये मोकळी जागा मिळाली ती विद्याधरनेच शब्द टाकल्यामुळे. आणि शब्द टाकल्यामुळेच त्याने काल रात्री गुणाजीला समोर बसवून बजावलं होतं. मोकळ्या जागेवर जाणाऱ्याला एकच बॅग. दुसरी चालणार नाही. आणि तिथे मी तुझा भावोजी नाही, तू मला ओळखत नाहीस. गुणाजी मान हलवत म्हणाला होता, "तुमका माझ्याकडसून काय तरास होवचो नाय, भावोजी." आणि सकाळी ओळीत त्याने खरोखर अनोळखी माणसासारखं तोंड करून आपल्या हिरव्या ट्रंकेवर हात ठेवला होता.

शेवटी ती निळी बॅग उरली. रेक्झिनची, कुठल्याशा औषध कंपनीचं नाव छापलेली, चेनपाशी फुगलेली. "कुणाची?" विद्याधरने विचारलं. कुणी बोललं नाही. त्याने हिंदीत विचारलं. जवान एकमेकांकडे बघू लागले आणि गुणाजी खाली आपल्या बुटांकडे बघू लागला. विद्याधरला वाटलं, आपल्यामुळे त्याला शरमल्यासारखं होतंय, आपल्या भावोजींची साहेब लोक कशी खिल्ली उडवताहेत ते बघून. गुप्ते साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पुढे धरलं. टॉवरने दिलेली वेळ टळली तर मुंबईच्या आभाळात पुन्हा फट सापडायला तास जातो, हे सगळ्यांना माहीत होतं. "सार्जंट, आता ही बॅग आमच्याशी काही बोलणार आहे का?" पुन्हा हशा. या वेळी हसणं लांबलं. विद्याधरने तेव्हा काय करायला हवं होतं ते त्याला झोपेतही पाठ होतं. सगळ्यांना मागे हटवायचं, बॅग तिथेच ठेवायची आणि विमान थांबवायचं. तेवढ्यात मार्तंड साहेब आले. "आमची." त्यांची बॅग तर आधीच झाली होती. दोन असू शकतात का? असू शकतात. "असू दे रे," ते म्हणाले, आणि त्या 'रे'ने विद्याधरला चपराक बसल्यासारखं झालं. एवढ्या महिन्यांच्या भांडणानंतर हा माणूस आपल्याला पोरासारखं समजावतोय, असं वाटलं. त्या रागात त्याने फुली मारली. कोण कशासाठी फुली मारतं, सांगता येत नाही.

घाटकोपर आलं तसा तो उतरला. पंतनगरच्या त्याच्या बिल्डिंगीवरून सांताक्रूझला उतरणारी विमानं इतकी खालून जात की खिडकीची तावदानं थरथरत. इथल्या माणसांचं बोलणं विमान आलं की थांबायचं आणि गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. त्याची इतकी सवय झालेली, की पाहुणे दचकले तरच विमान गेल्याचं कळे. आज विद्याधरला प्रत्येक विमान ऐकू आलं. जिना चढताना एक, दाराशी चपला काढताना एक. मालन दारातच उभी होती. तिचे डोळे रडल्यासारखे आणि तोंड हसरं, असं दोन्ही होतं. "गेला?" तिने विचारलं. "गेला," तो म्हणाला. "खिडकीत बसला?" "मी कसं बघणार गं? बसला असेल." "आमच्या घरातला पहिला माणूस विमानात बसला. आईला कळवायला हवं." ती आत गेली आणि आतून बोलत राहिली. अंघोळीचं पाणी काढलंय, बांगड्याचं तिखलं केलंय, गुणाजीला कालचं आवडलं म्हणून त्यातलंच राखून ठेवलेलं थोडं आहे, शेजारच्या अनुपमाकडे लिंबं मागितली. विद्याधर अंघोळीला गेला. तांब्या डोक्यावर ओतताना त्याला वाटलं, आता ते घाट ओलांडून गेले असतील. त्याने दुसरा तांब्या भरला. अंगावर साबण फार वेळ चोळत राहिला, आणि मग एकदम हात थांबवला.

खरं म्हणजे काही होणार नाही, हे त्याला माहीत होतं. आठ महिन्यांत एकाही बॅगेत कधी काही निघालं नव्हतं. मार्तंड साहेब बोरिवलीला राहणारे, पोरीचं लग्न ठरवण्याच्या धावपळीत असलेले, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. त्यांनी कुणाची तरी गोधडीच पोचवायला घेतली असणार. पण मग त्यांनी बॅगेकडे का बघितलं नाही? आणि दुसऱ्याची वस्तू घेतली असेल तर तो दुसरा कोण? त्याने काय दिलं, हे त्यांना तरी माहीत असेल का? हेच तर तो गुप्ते साहेबांना सांगत आला होता. हेच म्हणत आला, आणि हेच समोर आलं तेव्हा त्याने खडू उचलला. आता फोन करायचा म्हटलं तर गार्डरूम विचारणार, तेव्हा काय झोपला होतास? नागपूरला विमान थांबवून सगळ्यांना खाली उतरवणार. आतून गोधडी निघाली तर गुप्ते साहेब काय म्हणतील ते त्याला त्यांच्याच आवाजात ऐकू आलं. कॅन्टीनमधलं ते दुसरं टेबल वर्षभर हसेल. आणि गोधडी न निघता दुसरं काही निघालं तर? तर त्याने फुली मारलेली होती. बोलावं तर लाज जाणार होती. न बोलावं तर बहुतेक काहीच जाणार नव्हतं. बहुतेक. आणि त्या बहुतेकमध्ये गुणाजी बसला होता, कपाळ काचेला टेकवून, तोंड अर्धवट उघडं ठेवून.

मालनने ताट वाढलं. तिखलं, भात, कोशिंबीर, वाटीत सोलकढी. ती समोर बसून वारंवार आढ्याकडे बघत होती, जणू गुणाजी पंतनगरावरूनच चालला होता. "आता कुठे असेल हो?" विद्याधरने भात कालवला. "मनमाडच्या पुढे." "विमानात चहा देतात?" "याच्यात नाही देत. थर्मास असतो साहेबांचा." "त्याला द्यायला हवा होता घोटभर. लहान आहे हो तो. पहिल्यांदाच बसलाय." मग ती स्वतःशीच हसली. लहानपणी गुणाजी सुपारीच्या झाडावर चढून बसायचा आणि खाली उतरायचं म्हटलं की रडायचा, ती गोष्ट तिने सांगितली. विद्याधरने ती पूर्वी ऐकली होती. तो योग्य जागी हसला. बांगडा छान झाला होता, आंबट-तिखट, त्रिफळाचा वास बरोबर लागलेला. त्याच्या जिभेला ते सगळं नीट कळत होतं, हे त्याला नंतर फार खुपलं. मन एकीकडे भिऊन बसलेलं असतं आणि तोंड दुसरीकडे काटे काढून खात असतं. "आता?" तिने विचारलं. "अकोला आलं असेल." तिने अकोला कधी पाहिलं नव्हतं, तरी तिने समाधानाने मान हलवली आणि त्याला पुन्हा भात वाढला. तो नको म्हणाला नाही.

जेवून तो कॉटवर आडवा झाला. डोळे मिटले की ती बॅग दिसे, औषध कंपनीच्या नावासकट. त्याने कूस बदलली. एक विमान खालून गेलं, तावदानं थरथरली, आतल्या खोलीत मालनची भांडी थरथरली. त्याच्या मनात आलं, गिरणीच्या फाटकावरचा तो पहारेकरी रोज इतक्या माणसांच्या अंगावरून हात फिरवी, पण त्याला नक्की सुताची लडी शोधायची असे का? की समोरच्या माणसाने हात वर केले की त्याचं काम झालं? साहेबांनी सकाळी ओळीत बॅगा मांडल्या, हात ठेवले. आपल्याला हवं होतं ते तिथेच मिळालं. त्यानंतरची बॅग आपल्याला नकोच होती. हे कळलं तेव्हा तो उठून बसला. आपण वाईट माणूस आहोत असं काही त्याला वाटलं नाही. आपण पोलीस नाही आहोत, असं वाटलं, आणि ते जास्त लागलं. त्याने शर्ट चढवला. "कुठे?" मालनने विचारलं. "सुपारी आणतो," तो म्हणाला आणि भराभर जिना उतरला.

कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे फोन होता. लागायला वेळ लागला. गार्डरूममध्ये कॉर्पोरल चंद्रप्रकाश होता, मूळचा मेरठचा, मनाने साधा. "नागपूर को बोलो," विद्याधर म्हणाला. "कुरिअर रोको. एक नीली बॅग है, रेक्झिन की. पूरा सामान फिर से चेक करो, सबको नीचे उतार के." "सर, वो तो अब वहाँ से भी उडनेवाला होगा. आपको अभी पता चला?" केमिस्ट पुड्या बांधता बांधता ऐकत होता. "हाँ," विद्याधर म्हणाला. "अभी याद आया." "संध्याकाळी फोन करा," असं चंद्रप्रकाशने मोडक्या मराठीत सांगितलं आणि ठेवला. विद्याधर घरी परत आला तेव्हा सुपारी आणायची राहून गेली होती. मालनच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. ती आईला पत्र लिहीत बसली होती.

दुपार कशी गेली ते त्याला सांगता आलं नसतं. ऊन भिंतीवरून सरकलं, खाली पोरांनी क्रिकेट मांडलं, एकाने आउट नाही म्हणून भांडण काढलं. दिवेलागणीला तो पुन्हा केमिस्टकडे गेला. चंद्रप्रकाशचा आवाज दबका होता. विमान इंजिन चालू झाल्यावर थांबवलं. सगळ्यांना उतरवून उन्हात उभं केलं. बॅग वाळूच्या पोत्यांआड नेऊन उघडली. आत कोकमाची सोलं, सुकी कोलंबी, मेथीचे लाडू आणि नवा विणलेला एक स्वेटर. "सर," चंद्रप्रकाश जरा थांबून म्हणाला, "बॅग आपके साले की निकली." दुसरी बॅग आहे असं गुणाजीने शिडीपाशी मार्तंड साहेबांच्या कानात सांगितलं होतं. भावोजींनी बघितलं तर रागावतील, त्यांच्या बायकोनेच दिलीय, म्हणाला होता. साहेब म्हणाले होते, ठेव ओळीत, मी बघतो. सार्जंटच्या घरचंच सामान, त्याची चारचौघांत पंचाईत कशाला. विद्याधरने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. ते 'असू दे रे' म्हणजे हे होतं. त्याचीच लाज राखायला एक माणूस पुढे आला होता आणि त्याला तो अपमान वाटला होता. "आगे?" त्याने विचारलं. गुणाजीला उतरवून ठेवलं होतं. चौकशी होईल, मग आगगाडीने जाईल, रजेवर दिवस चढतील, त्याची शिक्षा त्याच्या पलटणीत. मार्तंड साहेबांनाही थांबवलं. मग गुप्ते साहेबांनी सांगितलं, विमान माझं, त्यात चढलेली बॅगही माझी, जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा, आणि माझ्या इंजिनिअरशिवाय मी उडत नाही. विमान तिथेच उभं होतं. आठ महिने तो ज्याला माज म्हणत आला होता, तो माज आज निस्तरायच्या वेळीही पुढे होऊन उभा राहिला होता. त्याला गुप्ते साहेबांचा हेवा वाटला. राग आला असता तर बरं झालं असतं.

मालन तांदूळ निवडत बसली होती. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं, सगळं, सकाळच्या हशापासून. तिने ताट बाजूला सारलं. "अगो बाई," ती म्हणाली, "ती तर माझी बॅग. तुम्ही ड्युटीवर गेल्यावर दिली त्याला. अनुपमाच्या नवऱ्याला कंपनीने दिलेली, ती मागून आणली. तिकडे थंडी असते हो. त्याला तिकडे कोण देणार सोलं?" "मी बजावलं होतं, एकच बॅग म्हणून," विद्याधर म्हणाला आणि त्याला जरा बरं वाटलं. बोलण्यासारखं खरं असं एवढंच त्याच्याजवळ होतं. "तुझ्यासमोर बजावलं होतं. त्या पोराची वाट लागली, त्या म्हाताऱ्या साहेबांची लागली." "चुकलं माझं," ती लगेच म्हणाली. डोळे भरून आले होते, पण ती रडली नाही. "माझ्या दोन मुठी कोलंबीपायी. तुम्ही फोन केलात ते बरोबरच केलंत. तुमचं कामच ते." विद्याधर खुर्चीवर बसला. त्याला पाणी हवं होतं आणि मागावंसं वाटत नव्हतं. तावदानं थरथरायला लागली, दोघंही थांबले, विमान गेलं.

"पण म्हणजे," मालन सावकाश म्हणाली. ती तांदळाकडे बघत होती. "तुम्हांला संशय कधी आला?"

गार्डरूमला सांगितलेलं उत्तर त्याच्या तोंडाशी आलं होतं. आत्ताच आठवलं, हे. ते द्यायलाही काही हरकत नव्हती. तिला कळलं नसतं. पण दिवसभर स्वतःला पोलीस समजून राहण्याचा त्याला कंटाळा आला होता. "बसमध्ये," तो म्हणाला. "कुर्ल्याला."

"येताना?"

"येताना."

मनात ती मागे मागे जात होती हे त्याला दिसत होतं. फोनपासून कॉट, कॉटपासून ताट, ताटापासून न्हाणीघर, न्हाणीघरापासून दार. प्रत्येक ठिकाणी ती थोडी थांबत होती. तिने आवाज चढवला असता तर त्याने आणखी काही सांगितलं असतं, वडिलांचं, गिरणीचं, हशाचं. त्याच्याजवळ सांगण्यासारखं खूप होतं, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. पण तिने आवाज चढवला नाही.

"माझा भाऊ वर होता," ती म्हणाली. "आणि तुम्ही जेवलात."

"हो."

"भूक होती तुम्हांला?"

विद्याधरने खरंच आठवून बघितलं. "होती," तो म्हणाला.

मालनने मान हलवली. मग ताट पुन्हा मांडीवर ओढलं आणि रात्रीपुरते तांदूळ निवडायला घेतले.